बाहुलीवरची हळद

माझ्या जिभेला हाड नाही, हे जामखेडपासून संगमनेरपर्यंत सगळ्या सरकारी दवाखान्यांत ठाऊक आहे. आयुष्य नर्स म्हणून गेलं, शेवटची वर्षं ॲम्ब्युलन्सवरच्या माणसांना शिकवण्यात. गोड बोलून कुणी काही शिकत नाही, असं माझं ठाम मत होतं.

एकदा वरून पत्र आलं. अफूच्या जातीची जालीम औषधं आता पावडरीतून, गोळ्यांतून, दुखण्यावरच्या चिकटपट्ट्यांतून फिरतायत. पेशंट उचलणाऱ्यांच्या अंगाला ती लागू नयेत, म्हणून प्रशिक्षण द्या. श्वास द्यायच्या सरावासाठी आमच्याकडे माणसाएवढी रबरी बाहुली असते. तिच्या सदऱ्यावर मी घरून आणलेली हळद भुरभुरली आणि म्हटलं, "उचला हिला. ही हळद विष समजा."

दहा मिनिटांत सगळे पिवळे. कुणाचं नाक, कुणाचा मोबाईल. सगळ्यांवर कडी केली खर्ड्याकडच्या एका ड्रायव्हरने. तो आरोग्य केंद्राच्या गाडीवर एकटाच असायचा. बाहुली ठेवली, बाजूला झाला, आणि सवयीनं तळहातावर तंबाखू-चुना मळून चिमूट ओठात टाकली.

"मेलास तू!" मी म्हटलं. "जित्याची खोड! बायकोला निरोप धाडू का आता?"

हॉल हसला. तोही हसला, पण बाहेर जाऊन तंबाखू थुंकून आला. "सिस्टर, दोन पोरी हायेत मला. खरंच नुसतं हाताला लागलं तरी मानूस मरतं व्हय?"

मला खरं माहीत होतं. घटकाभर कातडीला लागल्यानं कुणी मरत नाही. ग्लोव्हज घालायचे, हात तोंडाला न्यायचे नाहीत, मग साबण-पाण्यानं धुवायचे. पण ग्लोव्हज घाला म्हणून वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडले होते, पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून मी म्हटलं, "मरतं. ग्लोव्हजशिवाय हात लावलास की संपलास."

त्या दिवसापासून त्यानं तंबाखू सोडली. मी ते चार ठिकाणी मिरवलं.

त्याच हिवाळ्यात त्याला एका वस्तीवरून बोलावणं आलं. म्हातारीला कॅन्सर. दुखणं थांबवायची, त्याच अफूच्या जातीच्या औषधाची पट्टी पाठीवर असायची. मुलानं नवी लावली, पण जुनी काढली नाही. औषध उरलं असेल, वाया कशाला घालवायचं? वर थंडी म्हणून गरम पाण्याच्या पिशवीनं शेकलं. शेकानं औषध आणखी भराभर अंगात उतरतं आणि श्वास मंदावतो, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? म्हातारी हाकेला ओ देईना. श्वास मधूनच एखादा.

ड्रायव्हर पोचला तेव्हा तो एखादा श्वास चालू होता. तोंडावर मास्क धरून श्वास द्यायची पिशवी गाडीत होती. ग्लोव्हजचा डबा रिकामा होता. त्यानं कुशीवर पडलेल्या म्हातारीच्या पाठीवरच्या दोन पट्ट्या पाहिल्या आणि तो दारातच थांबला. मला फोन केला. तीनदा केला. मी संगमनेरला बाहुलीवर हळद भुरभुरत होते, आणि वर्गात फोन बंद हा माझाच नियम.

शेवटी त्यानं घरातून दुधाच्या रिकाम्या पिशव्या मागितल्या, दोन्ही हातांना बांधल्या आणि आत गेला. तोवर श्वास थांबला होता. त्यानं श्वासाची पिशवी खूप वेळ दाबली. म्हातारी परत आली नाही.

दुसऱ्या दिवशी तो माझ्यासमोर उभा. "सिस्टर, तुमी सांगितलं तसंच केलं ना? माझं कुटं चुकलं न्हाई ना?"

"नाही," मी म्हटलं. पुढचं वाक्य बोलायला हवं होतं. बोलले नाही. घरी गेले, मेथी निवडली, भाकरी केली. रडू येईल म्हणून वाट पाहिली, ते आलं नाही. रागही आला नाही, स्वतःचासुद्धा. अजून तसंच आहे. दाताला भूल दिल्यावर गाल कसा आपला वाटत नाही, तसं.

पुढचा वर्ग जामखेडला होता. तो शेवटच्या रांगेत बसला होता. मी बाहुलीच्या पाठीवर पट्टी चिकटवली, वर हळद टाकली, शेजारी ग्लोव्हजचा रिकामा डबा ठेवला. "ही श्वास घेत नाही. ग्लोव्हज संपलेत. काय कराल?"

कुणी जागचं हललं नाही. मी शिकवलेलं सगळ्यांना नीट येत होतं.

"मी खोटं सांगितलं होतं," मी म्हटलं. "नुसता हात लागल्यानं कुणी मरत नाही. आधी श्वास द्या. पट्टी फडक्यानं काढा. हात मग धुवा. ती म्हातारी माझ्या खोट्यानं गेली. ह्याच्या हातून नाही."

तो उठला. माझ्याकडे न बघता पुढे आला. बाहुली उताणी केली, उघड्या हातांनी मास्क तिच्या तोंडावर धरला आणि पिशवी दाबली. छाती वर आली. मनगटापर्यंत तो पिवळा झाला होता.

"बरोबर," मी म्हटलं.

तो दाबत राहिला.

"बास आता. जमलं तुला."

तो थांबेना. एका हातानं धरलेला मास्क घसरायला लागला. हॉलमध्ये कुणी हसलं नाही. मी त्याच्यासमोर खाली बसले आणि दोन्ही हातांनी मास्क धरून ठेवला.