रेशन कार्डावरून कमी केलेला जावई

माझा जावई मनोज कोणाकडे काही मागत नाही. लग्नानंतर पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आला तेव्हा वरणात मीठ टाकायचं माझ्याकडून राहिलं होतं. त्याने दोनदा वरण घेतलं. मीठ मागितलं नाही.

अकोल्यात त्याचं फुलांचं दुकान आहे. तेल्हाऱ्याकडे घरचं झेंडू-निशिगंधाचं शेत, ते त्याचा धाकटा भाऊ श्याम पाहतो. मनोज लग्नाचे मांडव सजवतो आणि पैसे मागायला जात नाही. लोक आणून देतील, असं त्याला वाटतं. काही देतातही. बाकीच्यांना मुलं झाली, त्यांच्या बारशाची फुलंही याच्याच दुकानातून उधारीवर गेली.

नऊ वर्षांनी माझी मुलगी गीतांजली अमरावतीला माझ्याकडे परत आली. तो पीत नव्हता, मारत नव्हता.

"मग झालं काय?" मी विचारलं.

"काहीच नाही झालं, आई. नऊ वर्षं काहीच नाही झालं."

जानेवारीत दोघांनी संमतीने घटस्फोटाचा अर्ज केला. सहा महिन्यांनी या आणि पुन्हा हेच सांगा, असं कोर्ट म्हणालं.

त्या सहा महिन्यांत मी एक हुशारी केली. रेशन कार्ड घरातल्या बाईच्या नावावर असतं. गीता कुटुंबप्रमुख, मनोज दुसऱ्या ओळीत. शेजारच्या साधनाताई म्हणाल्या, "त्याचं नाव कमी करून टाका. उद्या त्याले उधार देणारे तुमच्या दारात येतीन." मी बी.ए. झालेली बाई आहे, अर्ज भरता येतो. इतर कागदांमध्ये ठेवून गीताची त्यावर सही घेतली आणि अकोल्याला जाऊन देऊन आले. मार्चमध्ये नाव कमी झालं. त्या दिवशी मी शिरा केला. कशाबद्दल, असं गीताने विचारलं तर म्हटलं, रवा जुना होत होता.

मे महिन्यात मनोज दुकानात कोसळला. हृदयाची झडप बदलावी लागणार होती. दवाखान्यात म्हणाले, काळजी करू नका, सरकारी योजनेत बसतं, फक्त रेशन कार्ड आणा. गीता इथून कार्ड घेऊन गेली. संगणकात त्या कार्डावर ती एकटीच निघाली. नव्या कार्डाला दिवस लागणार होते, ऑपरेशनजवळ तेवढे दिवस नव्हते. श्यामने साठ हजार भरले आणि म्हणाला, "वहिनी, हमीपत्रावर सही तुमीच करा. कागदावर अजून बायको तुमीच आहा." तिने केली. नात्याच्या रकान्यात 'पत्नी' लिहिलं. राहिलेले दोन लाख ऐंशी हजार तिच्या पगारातून हप्त्याने जायचे ठरले. घटस्फोट झाला तरी ही सही तशीच राहते, असं वकिलांनी सांगितलं.

घरी येऊन गीता म्हणाली, "स्वतःचं नाव स्वतःच काढलं म्हणे त्यांनी. मला सांगितलंही नाही. इतकी ओरडले मी त्यांच्यावर, नर्सनं बाहेर काढलं."

मी तिला अजून एक पोळी वाढली.

दोन दिवसांनी मी एकटी अकोल्याला त्याला पाहायला गेले.

"मनोजराव, ते कार्डावरचं नाव..."

"माहीत आहे, आई. त्या ऑफिसातला एक बाबू आपल्याकडून हार नेते. त्यानं एप्रिलमंदीच सांगतलं, तुमच्या सासूबाई येऊन गेल्या म्हणून."

"मंग मले विचारलं काहून नाही?"

"काय विचारू? तुमी काही कारणानंच केलं असन."

"अन् गीताले खोटं काहून सांगतलं?"

छातीवरच्या टाक्यांमुळे तो सावकाश बोलत होता. "तिले राहाचं तुमच्याजवळच आहे," तो म्हणाला. मग म्हणाला, "चहा घेता काय?"

त्यानंतर मी रोज गीताला सांगायचं ठरवत होते. एक दिवस गॅस संपला. एक दिवस तिचं डोकं दुखत होतं. एक दिवस काहीच अडचण नव्हती, त्या दिवशीही सांगितलं नाही. अशी जुलैची तारीख आली. आता सही करून ती मोकळी होणार, आणि बिल व राग दोन्ही घेऊन घरी येणार. कोर्टात जाताना ऑटोत मी सगळं सांगून टाकलं.

राजकमल चौक गेला. मीच म्हटलं, "पाह्य, किती चांगला माणूस आहे. अजूनही विचार कर."

"तुम्ही दोघांनी मला इतके दिवस ओरडू दिलं."

"अगं, तो तुझ्याचसाठी गप्प..."

"हेच तर, आई. अर्जात हेच लिहायचं होतं. वकिलाला त्याचा रकाना सापडला नाही."

कोर्टात दोघांनी जानेवारीतलंच उत्तर दिलं. चार मिनिटं लागली.

बाहेर बाकावर गीता त्याला म्हणाली, "बिलाचे पैसे आई भरणार आहे. चूक तिची आहे. पण ते तुम्ही तिच्याकडे मागायचे. तोंडानं."

मुदत ठेवीची पावती मी सकाळीच पर्समध्ये टाकली होती. मनोज स्वतःच्या चपलांकडे पाहत होता.

"राहू द्या न, आई," तो म्हणाला.

"राहू दिलं तर माझ्या पगारातून जातील. मागा."

शेजारचा टायपिस्ट एक अख्खं पान टाइप करून मोकळा झाला. मनोजने घाम पुसला, घरून आणलेल्या बाटलीतलं पाणी प्यायला.

"आई," तो म्हणाला, "दवाखान्याचे पैसे द्या."

"देते," मी म्हटलं.

एवढ्यावर थांबेल असं वाटलं होतं, पण तो थांबला नाही. "अन् अकोल्याच्या तिकिटाले चाळीस रुपये कमी पडून राहिले."

तेव्हा गीता हसली की रडली, ते मला सांगता येणार नाही. मी पर्समध्ये सुट्टे शोधत होते.