बत्तीस दातांचा राक्षस

देवानं माणसाला चेहरा दिला तो केवळ दात बसवायला जागा हवी म्हणून, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आणि तो माझा घरमालक निघाला. बँकेनं माझी उज्जैनला बदली केली तेव्हा फ्रीगंजमध्ये, टावर चौकाच्या मागच्या गल्लीत, आम्ही त्यांचा वरचा मजला घेतला. घरमालक दातांचे डॉक्टर. दवाखाना बंद करून त्यांना दोन वर्षं झाली होती. नळाला पाणी किती वाजता येतं, एवढंच मी विचारलं, तर ते माझ्या तोंडात डोकावून म्हणाले, "वरची डावी दाढ कुणाला तरी दाखवून घ्या. पाणी काय, सहाला येतं."

दवाखाना सुटला तरी दात सुटेनात. मग दर उन्हाळ्यात गल्लीतली मुलं जमवून कागदाच्या लगद्याचे मुखवटे करायचं खूळ त्यांनी घेतलं. का, असं मी विचारलं तर म्हणाले, "चाळीस साल मुलं मला बघून रडली हो. भाजीबाजारातसुद्धा आईच्या मागे छपायची. आता जरा हसताना बघतो." फुगवलेल्या फुग्यावर वर्तमानपत्राच्या पट्ट्या मैद्याच्या खळीनं चिकटवायच्या, गच्चीवर वाळवायच्या, फुगा फोडायचा आणि उरलेल्या कवचावर लगद्यानं नाक-डोळे उठवायचे, अशी सारी रीत. लगदा मात्र काकूंच्या, म्हणजे डॉक्टरांच्या बायकोच्या, मिक्सरमध्ये व्हायचा. एकदा काकूंनी आम्हाला डोसे वाढले आणि शांतपणे सांगितलं, "चटणी जपून खा, आज तिच्यात अग्रलेख आलाय." दुसऱ्या दिवशी घरात दुसरा मिक्सर आला.

नाक वाकडं झालेलं, एक डोळा कपाळात गेलेला डॉक्टरांना चालायचा. दात मात्र शास्त्रोक्त हवेत. एका मुलानं मोठ्या हौसेनं राक्षस केला, तर डॉक्टरांनी त्याचे दात बोटानं मोजले. "अठ्ठावीसच आहेत. याचं वय काय धरलंस?" मुलगा म्हणाला, "हजार वर्षं." "मग अक्कलदाढा कधीच्या आल्या असतील. चार लाव." त्या राक्षसाला बत्तीस दात बसेपर्यंत त्याचे गाल कानांच्या मागे गेले. एका मुलीनं पोपट करायला घेतला तेव्हा तर डॉक्टर दोन दिवस उदास होते. शेवटी म्हणाले, "बनव. चोचीत मला काही कळत नाही, पण बनव." आणि खळीतल्या मैद्याच्या वासानं आलेल्या गाईनं अंगणात वाळत घातलेला हिरण्यकश्यपू जबड्यासकट खाल्ला, तेव्हा मुलं रडकुंडीला आली आणि हे गाईसमोर वाकून उभे. "बघा, हिला वरचे पुढचे दात नसतातच. तरी काम किती साफ."

गेल्या मे महिन्यात शेजारची चारू यायला लागली. दहा वर्षांची पोर. दिवाळीनंतर सायकलवरून पडून तिचा पुढचा दात अर्धा तुटला होता. तेव्हापासून ती तोंडावर हात ठेवूनच बोलायची आणि पुढेपुढे बोलायचीच बंद झाली. दवाखान्याचं नाव काढलं की ती पलंगाखाली जाते, असं तिची आई सांगायची. चारूनं राणी केली. मोठे डोळे, कपाळावर चंद्रकोर आणि ओठ घट्ट मिटलेले. आतमध्ये दात असल्याची खूणसुद्धा नाही. सगळी मुलं डॉक्टर काय म्हणतात म्हणून काम थांबवून बघत राहिली. डॉक्टरांनी तो मुखवटा हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "ओठांना कोणता रंग देतेस? लाल संपलाय, मी बाजारातून आणतो." आणि भर दुपारी ते खरंच गेले.

सुट्टी संपताना मुलांनी अंगणात छोटंसं नाटक केलं. मुखवटा चढवल्यावर चारू अशी खणखणीत बोलली की तिची आई पदर तोंडाशी धरून बसली. नाटक झालं, बाकीच्यांनी मुखवटे काढले. राणी मात्र तशीच डॉक्टरांसमोर येऊन उभी राहिली.

"आजोबा, तुटलेला दात जोडता येतो?"

"येतो."

"दुखतं?"

"थोडं. खोटं नाही बोलणार."

"मग तुम्ही पण चला."

त्यांचा एक जुना विद्यार्थी नानाखेड्याला दवाखाना चालवतो. चारू, तिची आई आणि डॉक्टर यांना मीच गाडीतून तिकडे घेऊन गेलो. चारू खुर्चीत बसली आणि तिनं डॉक्टरांचा हात धरला. ते शेजारच्या स्टुलावर बसले होते. मशीन सुरू झालं तेव्हा त्यांचा हात थरथरत असलेला मला दिसला. चारूलाही जाणवलं असावं. तोंडात कापूस असल्यानं शब्द बोबडे आले, पण कळले.

"आजोबा, डरू नका. दोन मिनिटांचं काम आहे."

ही थरथर भीतीची नव्हती. हात असा कापायला लागला म्हणूनच त्यांनी दवाखाना बंद केला होता, हे मला त्या संध्याकाळी काकूंनी सांगितलं. पण त्या वेळी डॉक्टर चारूला म्हणाले, "बरं, नाही डरत," आणि हात तसाच तिच्या हातात राहू दिला.

परत आल्यावर चारू आरशात बघायला घरी पळाली. डॉक्टर जिन्याच्या पायरीवर टेकले. मी पाणी आणून दिलं.

"इतकी वर्षं मी त्या खुर्चीच्या या बाजूला उभा होतो," ते म्हणाले. "पलीकडून कुणी हात धरून बसावं, एवढी साधी गोष्ट. मला सुचलीच नाही हो."

मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसलो.