उजव्या कोपऱ्यातला क्रमांक

जाहिरातीचा फलक सगळे वरून वाचतात. पालिकेतले आमचे साहेब खालून वाचायचे. दुकानाचं नाव, सवलत, साडी नेसून हसणारी बाई, कशाकडेच बघायचे नाहीत. उजव्या कोपऱ्यातल्या परवानगी क्रमांकावर बोट ठेवून म्हणायचे, "आधी ह्याचं बोलू, मग बाईचं."

धाराशिवच्या पालिकेत जाहिरात परवान्यांचं टेबल त्यांच्याकडे होतं आणि माझं फ्लेक्स छपाईचं दुकान. म्हणजे आमचं सख्य कसं असेल, ते ओळखा. तुमच्याही गावात असा एखादा असेल, ज्याला बघून व्यापारी घाईघाईने चहा मागवतात आणि जो चहाला शिवत नाही. "घरनं पिऊन आलोय," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. दुपारी चार वाजताही तेच.

टेप स्वतः धरायचे. एकदा माझा फलक मंजुरीपेक्षा चार बोटं जास्त भरला.

"चार बोटांनी काय होतंय, साहेब?"

"काय होत न्हाय. दुमडा."

मी कड दुमडली. मनात त्यांना काय काय म्हणालो, ते इथे लिहीत नाही.

मग ती चूक झाली. घाई असली की आम्ही छपाईवाले जुन्या फलकाचीच फाइल उघडतो, मजकूर बदलतो आणि छापतो. एका साडीच्या दुकानाचा फलक मी असाच केला. सगळं बदललं, खालचा क्रमांक बदलायचा राहिला. तो एका शिकवणीवाल्याचा होता, मुदत संपलेला. त्यांनी अर्थातच पकडला. खोटा क्रमांक छापला म्हणून माझ्यावर गुन्हा दाखल होणार आणि दुकानाला सील लागणार, अशी वेळ आली. साडीवाले शेठ सुरतेला खरेदीला गेलेले, परवानगीचा कागद त्यांच्याकडे आणि फोन बंद.

दुसऱ्या दिवशी मी पालिकेचा जिना चढलो. तिकडे बायको शटर ओढून घरी बसली होती.

"शेठनं अर्ज दिलता का?"

"दिलता साहेब, मंजूरबी झाला म्हणले. पण माझ्याकडं पुरावा न्हाय."

"तुमच्याकडं नसंल. आमच्याकडं आसंल की."

ते उठून रेकॉर्डच्या खोलीत गेले. त्याच दिवशी ते निवृत्त होत होते, हे मला शिपायाने सांगितलं. सभागृहात हार, शाल, पेढे मांडून सगळे ताटकळले होते. शिपाई दोनदा बोलवायला आला. गठ्ठ्यांमागून आवाज आला, "थांबू द्या त्यास्नी. ह्या माणसाचं दुकान बंद हाय."

तासाभराने ते मंजुरीची प्रत घेऊन बाहेर आले आणि उभ्या उभ्या शेरा लिहिला: परवानगी आहे, क्रमांक छापताना चुकला, फलक उतरवून दुरुस्त करावा. तो वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं हलकं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

"रडताय काय? फलक आजच उतरवा," एवढं बोलून ते सभागृहात गेले. बाहीवर धूळ तशीच होती, तिच्यावरच शाल पडली. मी दारात उभा राहून टाळ्या वाजवल्या, बहुधा सगळ्यांत जोरात. मग जिन्यात येऊन बायकोला फोन लावला.

"शटर उघड," म्हणालो.