धुतलेलं गाव

माझ्या दादाने जन्मभर दुसऱ्यांच्या कवळ्या बनवल्या आणि उरलेल्या प्लास्टरमधून एक गाव उभं केलं. मागच्या खोलीत, पलंगाएवढ्या फळीवर. मधून फिरते ती आगगाडी तेवढी विकतची; स्टेशन, शाळा, न्हाव्याचं दुकान, दोरीवरचे कपडे, नखाएवढा कुत्रा, सगळं त्याच्या हातचं. पाहुणे वा वा करायचे. मी म्हणायचे, या वयात लोक नातवंडं खेळवतात, आमचा दादा आगगाडी खेळवतो. माझं बोलणं या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यायची त्याला लहानपणापासून सवय आहे.

खरी मेहनत मात्र घरं बांधण्यात नव्हतीच, ती मळवण्यात होती. नवं कोरं घर तयार झालं की दादाचा चेहरा पडायचा. मग तो रंगीत खडूची आणि कोळशाची पूड पाण्यात कालवून बसायचा. पन्हळीखाली ओघळ, गजांखाली गंज, माणसं टेकून उभी राहतात त्या कोपऱ्यावर तेलकट डाग. "कोणीतरी राहून गेल्यासारखं वाटलं पाहिजे," एवढंच म्हणायचा. डाग पक्के करायचा फवारा आणून ठेवला होता, पण तो कधी मारला नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं, अजून झालं कुठे?

आणि अशा माणसाला बायको कोण मिळावी, तर आमची वहिनी! तिच्या घरात चहाचा कप उचलला की तो तोंडापर्यंत जायच्या आत खालचं टेबल पुसून झालेलं असतं. मागच्या खोलीत तिने फडकं घेऊन पाऊल टाकायचं नाही, असा दोघांत तह होता. म्हणूनच संसार टिकला, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग दादाला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, वाचा परत आली, पाय हळूहळू चालू लागला, पण उजवा हात मांडीवर पडून राहिला. डॉक्टर म्हणाले, हातात जोर येईल, पण तो यांनी स्वतः हलवायला हवा. आत्ता वापरला नाही तर कायमचा जाईल. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दाबायला मऊ चेंडू दिला. दादा तो मांडीवर ठेवून इस्पितळाच्या भिंतीकडे बघत बसायचा. वहिनीने विनवण्या केल्या, मी चांगली खरडपट्टी काढली. तो शांतपणे म्हणाला, "हलवून करू काय?"

तो इस्पितळातून घरी यायचा होता, तेव्हा वहिनीच्या मनात आलं की त्याचं गाव त्याला लख्ख करून द्यावं. ते बघून तरी त्याला हुरूप येईल. दात घासायचा मऊ ब्रश घेतला, साबणाचं पाणी घेतलं, आणि एकेक भिंत, एकेक छप्पर जीव ओतून धुऊन काढलं. मी वरच्या मजल्यावर राहते. खाली आले तेव्हा ती स्टेशन टिपून कोरडं करत होती. मी कपाळावर हात मारला. वहिनी, अगं ती धूळ नव्हती, ते त्याचं काम होतं, असं सांगितलं तेव्हा आधी तिला कळलंच नाही. मग तिने बादलीतल्या तपकिरी पाण्याकडे पाहिलं आणि ती तिथेच फरशीवर बसली. तिला काय बोलणार? मला फार वाईट वाटलं तिचं.

दादा आला, दारात उभं राहून त्याने सगळं गाव पाहिलं. शाळा जशी कालच बांधलेली. तो ओरडला नाही. "छान दिसतंय," म्हणाला आणि जाऊन पडला. त्यापेक्षा भांडला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी स्वतःच खडू-कोळशाची पुडी सोडून घाण करायला बसली. काय ती घाण! प्रत्येक खिडकीखाली एकाच लांबीचा ओघळ, सारख्या अंतरावर, उशीच्या अभ्र्यावर वेलबुट्टी काढावी तसा. जरा थेंब इकडे तिकडे सांडला की लगेच पुसायची. मी दादाला हाताला धरून आणलं आणि तिच्या शेजारच्या खुर्चीत बसवलं. तिने स्टेशनच्या भिंतीवर मोजूनमापून आणखी एक रेघ ओढली तेव्हा त्याला राहवलं नाही.

"अगं, घाण अशी रांगेत उभी राहत नाही."

"मग कशी राहते?" वहिनीने मान वर न करता विचारलं.

"पाणी जिथून गळतं तिथूनच ओघळ येतो. ही पन्हळ इथे फुटलेली आहे. आण इकडे."

आणि त्याने ब्रश घेतला. उजव्या हाताने. त्याच्या ध्यानातही आलं नाही. मी काही बोलणार तोच वहिनीने फळीखालून माझा पाय दाबला. ब्रश थरथरत होता. ओघळ वाकडा गेला, मध्येच तुटला, खाली जाऊन जाड झाला, आणि खऱ्या भिंतीवर असतो तसा हुबेहूब दिसला. त्याने दुसरा काढला. मग हात दमून फळीवर पडला आणि न्हाव्याचं दुकान आडवं झालं. तेव्हा कुठे दादाने आपल्या हाताकडे पाहिलं.

"थरथरतोय गं," तो म्हणाला.

"घाणीला चालतं," वहिनी म्हणाली.

दादा हसला. कित्येक महिन्यांनी हसला. मी सरळ रडले, लाजायचं काय त्यात! वहिनीने मात्र डोळ्याला हात लावला नाही. न्हाव्याचं दुकान उभं केलं आणि अगदी रोजच्या आवाजात विचारलं, स्टेशनमागची पाण्याची टाकी अजून कोरीच आहे, ती उद्या करू या का?

"टाकी एका दिवसात होते होय?" दादा वैतागून म्हणाला. "तिला गंज चढवायला मला आठवडा तरी लागेल."

वहिनी बरं म्हणाली, ब्रश धुऊन आणते म्हणून आत गेली, आणि स्वयंपाकघरातला नळ कितीतरी वेळ चालूच राहिला.