दोन नंबरचं कोर्ट

"मॅडम, टेपचं टोक जरा बेसलाइनवर धरा," सेक्रेटरी घोरपडे साहेब म्हणाले.

मी धरलं. बेसलाइन म्हणजे कोर्टाची सगळ्यात मागची रेघ. टेप सोडत साहेब नेटपर्यंत गेले, आडवं-उभं मोजलं आणि तिथूनच ओरडले, "बसतात! इथंही चार बसतात!"

चार म्हणजे पिकलबॉलची चार कोर्टं. मी वाकून टेप धरला होता ते आमच्या क्लबचं शेवटचं टेनिस कोर्ट होतं. एक नंबरचं दिवाळीनंतरच गेलं होतं. आता दोन नंबरचीही मापं निघाली, आणि टेप धरायला टेनिसची कोच.

मी कोल्हापुरात टेनिस शिकवते. इथं फुटबॉलवरून पेठापेठांत भांडणं होतात, कुस्तीवरून होतात. टेनिसवरून कुणी भांडत नाही, कारण खेळणारे मूठभर. त्या मूठभरांतले निम्मे पिकलबॉलकडं गेले होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पिकलबॉलची बॅट लहान, सपाट असते, तिला पॅडल म्हणतात. बॉल प्लास्टिकचा, भोकं असलेला. कोर्ट छोटं. टेनिसमध्ये बॉल सलग चार-पाच वेळा नेटपलीकडं जायला नवख्या माणसाला महिने लागतात. पिकलबॉलमध्ये पहिल्याच सकाळी गेम रंगतो.

"एका टेनिस कोर्टावर चार माणसं. तेवढ्याच जागेत पिकलबॉलची सोळा," साहेब टेप गुंडाळत म्हणाले. "आणि तुमची पोरं शाळेला गेली की हे कोर्ट मोकळंच. महिन्याच्या शेवटच्या रविवारी मिटिंग आहे, तिथं विषय ठेवतोय. अजून तीनेक आठवडे आहेत."

"आणि मी काय करू?"

"पिकलबॉल शिकवा की! लेडीज बॅच सुरू करायची आहेच. उद्यापासून घ्या."

राग आला होता. पण साहेब खोटं बोलत नव्हते. सात वाजल्यानंतर त्या कोर्टावर कबुतरं फिरायची.

दुसऱ्या दिवशी मी पॅडल हातात घेऊन उभी राहिले. समोर मंगळवार पेठेतल्या बायका. कुणी पंजाबी ड्रेसवर, कुणी नव्या कोऱ्या ट्रॅकपँटमध्ये. मी नियम सांगायला लागले.

"नेटजवळच्या ह्या पट्ट्याला किचन म्हणतात. टप्पा पडायच्या आत बॉल मारायचा असेल तर किचनमध्ये पाय ठेवायचा नाही."

"काय म्हणालासा?" मागून खणखणीत आवाज आला. "किचनमधी पाय ठिवायचा न्हाय?"

"नाही."

"लई बेस! जन्मात पयल्यांदा कुणीतरी असं सांगितलं."

सगळी बॅच हसून हसून वाकली. बोलणाऱ्या होत्या शालनवहिनी. पेठेत त्यांचा डंक आहे, म्हणजे कांदा-लसूण मसाला कुटून द्यायचं यंत्र. पन्नाशीच्या जवळ, उंच, खांदे भक्कम. शेजारणींना ओढून क्लबात आणलं ते त्यांनीच.

आठवडाभर मला घरी जाऊन वाईट वाटायचं, कारण मजा येत होती. माझ्या टेनिसच्या क्लासात इतकी वर्षं एवढं कुणी हसलं नव्हतं.

गडबड झाली ती शालनवहिनींचीच. त्यांना हळू मारता येईना. पिकलबॉलमध्ये अलगद टाकलेला बॉल भारी पडतो. वहिनी पॅडल खांद्यामागून आणायच्या आणि असा तडाखा द्यायच्या की बॉल कोर्ट, कुंपण आणि पार्किंग ओलांडून जायचा.

"वहिनी, हळू!"

"हळूच मारलाय की!"

पहिल्यांदा सगळ्या हसल्या. मग कंटाळल्या. शेवटी एक जण बोललीच, "वहिनी, तुमच्या बाजूला आता आम्ही न्हाय खेळत."

वहिनी माझ्याकडं आल्या. पॅडल माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "मी सोडतो, मॅडम. मला न्हाय जमत." आमच्याकडं बायकाही 'येतो-जातो'च म्हणतात. एरवी तो शब्द रुबाबात येतो. त्या दिवशी आवाज पडला होता.

त्या गेटकडं चालल्या होत्या. मी त्यांचा हात धरून दोन नंबरवर नेलं आणि माझी रॅकेट दिली.

"इथं मारा. जेवढा जोर आहे तेवढा."

"बाहीर गेला तर?"

"लांब आहे कोर्ट. जाऊ दे."

रॅकेट कशी धरायची ते दाखवलं. बॉल उडवून दिला. पहिला नेटमध्ये. दुसरा कुंपणाच्या जाळीवर. नंतरचे कुठंही. वहिनींना घाम फुटला, पण खाली ठेवायला तयार नाहीत. मग एकदा रॅकेटच्या बरोबर मधोमध बॉल आला. ठण्ण! नेटवरून सपाट गेला आणि पलीकडच्या कोपऱ्यात, रेघेच्या आत पडला.

वहिनी जागच्या हलल्या नाहीत. "आत पडला?"

"आत."

"खरंच?"

"वहिनी, असा शॉट बसायला माझ्या पोरांना वर्ष लागतं."

"आणखी टाका!" त्या ओरडल्या. पलीकडच्या चारी कोर्टांवरचा खेळ थांबला, एवढ्या मोठ्यानं.

त्यानंतर त्या रोज यायच्या. पिकलबॉलची बॅच संपली की दोन नंबरवर. मग ज्या बाईनं त्यांना नको म्हटलं होतं तीच आली, "मी बी एकदा मारून बघू?" तिच्यामागून दोघी आल्या. रविवारी साडेआठची वेळ त्यांनी स्वतःच ठरवून टाकली. घोरपडे साहेबांचं दुकान सकाळी लवकर उघडतं. ते आठच्या आत क्लबातून जायचे, त्यामुळं त्यांना ह्यातलं काही दिसलं नाही.

त्याच दिवसांत उलटा प्रकारही झाला. सरनाईक अण्णा आमचे जुने टेनिसवाले. पिकलबॉलला ते 'प्लास्टिकचा खेळ' म्हणायचे. गुडघा गेल्यापासून नुसतेच खुर्चीत बसून राहायचे. मिटिंगमध्ये टेनिसची बाजू अण्णा मांडतील, असा मला भरवसा होता. एका सकाळी बघते तर पिकलबॉलच्या कोपऱ्यातल्या कोर्टावर, माझ्याकडं पाठ करून, अण्णा! किचनच्या रेघेवर उभे राहून असे नाजूक बॉल टाकत होते की समोरचे दोन तरुण डॉक्टर धावून धावून बेजार.

"अण्णा?"

ते दचकले. पॅडल पाठीमागं लपवलं. मग स्वतःच हसले. "मॅडम, गुडघा दुखला न्हाय आज. किती दिवसांनी खेळलो बघा."

त्यांच्या तोंडावरचा आनंद बघून मीही हसले. आता टेनिसच्या बाजूनं बोलायला मी एकटी उरले.

मिटिंगचा रविवार आला. वेळ सकाळी आठची. साहेबांनी खुर्च्या दोन नंबरच्या कोर्टावरच मांडल्या. म्हणाले, "मोकळंच असतं, आणि सावलीही आहे." विषय वाचून दाखवला. सगळ्यांनी अण्णांकडं पाहिलं.

अण्णा उठले. "टेनिस मी सोडलं न्हाय, गुडघ्यानं सोडलं. मला पिकलबॉल मिळालं, लई चांगलं झालं. पन म्हणून हे कोर्ट पुसू नका. मला जिथं पळता येत न्हाय, तिथं दुसऱ्या कुणाला तरी पळू दे."

"पण पळणार कोण, अण्णा?" साहेब म्हणाले. "मॅडम, तुम्ही सांगा. कोण आहे?"

मी बोलायला उभी राहिले आणि गेट वाजलं. शालनवहिनी पुढं, मागं पाच-सहा बायका. प्रत्येकीच्या हातात टेनिसची रॅकेट. काही क्लबच्या जुन्या, काही घरात पडलेल्या, कुणाच्या मुलाची, कुणाच्या दिराची. खुर्च्यांवर बसलेली कमिटी आहे, हे त्यांना माहीत नव्हतं.

वहिनी बेसलाइनपाशी थांबल्या. "पावणं, खुर्च्या उचला. आमचा टाइम झाला."

"अहो, मिटिंग चालू आहे," साहेब म्हणाले.

"मिटिंग कुठंबी हुतीया. टेनिस कुठं खेळायचं आमी?"

"टेनिस? तुम्ही पिकलबॉलच्या बॅचला ना?"

"व्हय. तितंच शिकलो. पन आमचा हात जड हाय, तिथं मावंना. उठताय न्हवं?"

अण्णा सगळ्यात आधी हसले. मग ते दोघे डॉक्टर. शेवटी घोरपडे साहेबांनी स्वतःची खुर्ची उचलली, तीही हसतच. मिटिंग कुंपणाबाहेर उभ्या-उभ्या झाली. वहिनींचा पहिला सर्व्ह नेटवर आपटला, दुसरा बसला, आणि कमिटीनं टाळ्या वाजवल्या. विषय तिथंच बारगळला.

दोन नंबरचं कोर्ट टेनिसचंच राहिलं. एक नंबर परत मिळालं नाही, मिळणारही नाही, आणि मी मागितलंही नाही. मी आता दोन्ही शिकवते. आणखी काही टेनिसवाले पिकलबॉलकडं गेले, काही पिकलबॉलवाले इकडं आले. हिशेब बरोबरीचा नाही, तिकडं जास्त आहेत.

पिकलबॉल टेनिसला खाणार का, असं लोक मला विचारतात. जगाचं मला माहीत नाही. आमच्या क्लबापुरतं एवढं कळलं, की खेळ वाचवायचा तर भाषणं नंतर. आधी कोर्टावर माणसं आणावीत, आणि शक्यतो मिटिंगच्या वेळेला.