जिभेखालची गोळी

"तोंड उघड."

मी उघडलं नाही. तेव्हा वहिनींनी माझा जबडा धरला. अंगठा एका गालात, बोटं दुसऱ्या गालात. बाजारात बैलाचे दात बघतात तसा. भिशीला आलेल्या सहा बायका स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. एकीच्या हातात अजून ढोकळ्याची बशी होती.

"अगं बाई, दात बघा हिचे!" बशीवाली म्हणाली.

"वास येतोय का गं?"

"वास नाही. जिभेखाली काहीतरी पांढरं आहे," वहिनी म्हणाल्या. "थुंक ते. आत्ताच्या आत्ता थुंक."

अकरा वर्षं मी त्या घरात पोळ्यांची मावशी होते. मावशी, तुम्ही चहा घेतलात का. मावशी, उद्या जरा लवकर याल का. त्या दिवशी एका दमात 'तू' झाले.

झालं होतं एवढंच. मी कणीक मळत होते आणि कपाळावरचा घाम परातीत पडला. दिवस थंडीचे, आणि मी चिंब. "मावशी, हे काय?" वहिनींनी विचारलं. मी बोलले नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पिठाचा हात वर केला, थांबा म्हणून. तोंडात गोळी होती. ती विरघळेपर्यंत बोलायचं नाही, थुंकी गिळायची नाही, पाणी प्यायचं नाही. पोटात गेली की फुकट. सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरनं तसं बजावलं होतं. वहिनींना वाटलं, बाई पिऊन आली आणि वर हात दाखवते.

ती गोळी कसली, ते सांगते. अफूच्या जातीच्या औषधाची सवय लागली की ती सोडवायला देतात. मला ती सवय कुठल्या नाक्यावर लागली नाही. त्याच घरात लागली. वहिनींचे यजमान डॉक्टर.

आम्ही येरवड्याच्या वस्तीतले. पलीकडे कल्याणीनगरात रोज नवी बिल्डिंग उठत होती, कंपन्यांतली पोरं-पोरी राहायला येत होती, आणि एकालाही पोळी लाटता येत नव्हती. मी पाच घरं धरली, त्यांतलं एक डॉक्टरसाहेबांचं. वर्षभरात कंबर गेली. डॉक्टरसाहेबांकडे आठ दिवसांची सुट्टी मागितली.

"सुट्टी कशाला, मावशी? ही कॅप्सूल घ्या. पळायला लागाल."

पळायला लागले. एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या सहा. एखाद्या दिवशी चुकली की नाक गळायचं, पोट वाहायचं, पिंढऱ्यांत कुणी दोर पिळतंय असं व्हायचं. साहेबांना सांगितलं. "वय झालं आता. एक वाढवा," म्हणाले. आठ वर्षं चिठ्ठ्या लिहिल्या. मग त्या औषधावर सरकारनं नियम कडक केले, तेव्हा एका सकाळी नुसतं म्हणाले, "आता नको." बस. आत निघून गेले. मी तीन दिवस न्हाणीत पडून होते. लेकीनं रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं रांगेत पुढं-मागं सगळे गर्दुल्ले. त्यांत मी, नऊवारीतली.

जिभेखालच्या गोळीनं मला उभं केलं, पुन्हा त्याच घरांत पोळ्या लाटायला धाडलं. तिला मी नावं ठेवणार नाही. पण तिनं घेतलं ते पण सांगते. घाम, वरून पाणी ओतावं तसा. चार-चार दिवस शौचाला नाही. बसमध्ये डोळा लागायचा, स्टॉप निघून जायचा, म्हणून घरी न घेता कामावर पोचल्यावर घ्यायला लागले. आणि दात. गोळी विरघळल्यावर जरा वेळानं चूळ भरायची असते. मला कुणी सांगितलं नाही. मला वाटलं, चूळ भरली तर औषध धुऊन जाईल. म्हणून गोळीनंतर तासन् तास तोंडात पाण्याचा थेंब घेत नव्हते. दोन वर्षांत पुढचे दात काळे पडून तुटले. लाज वाटायची, पदर तोंडावर धरून बोलायची.

तर, "थुंक."

थुंकले नाही. वहिनींचा हात मनगटाला धरून खाली केला आणि तोंड मिटून घेतलं. त्या घरात सांगितलेलं न करण्याची माझी ही पहिलीच वेळ. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभी राहिले. सगळा आरडाओरडा ऐकला. "या वस्तीतल्या बायका ठेवू नयेत म्हणतात, ते उगीच नाही." तेही ऐकलं. गोळी पूर्ण विरघळू दिली. तोवर डॉक्टरसाहेब आवाज ऐकून आतून आले होते.

मग बोलले. "साहेब, सांगा यांना. ही गोळी कशावरची आहे?"

ते माझ्याकडे बघेनात. "मला काय माहीत, तुम्ही लोक काय काय खाता."

जबडा धरला त्याचं एवढं नाही. हे लागलं. त्या माणसाला सगळं माहीत होतं. मी परात उचलली, मळलेली कणीक त्यांच्या पायाशी पालथी केली आणि निघाले. पदर तोंडावर घेतला नाही.

रेशन कचेरीच्या रांगेत जन्म गेलेली बाई कागद फेकत नाही. आठ वर्षांच्या चिठ्ठ्या माझ्या पेटीत होत्या. साहेबांचं छापील नाव, त्यांची सही, माझं नाव. डॉक्टरांवरच्या तक्रारी घेतात त्या कार्यालयात स्वतःच्या हातानं अर्ज लिहून दिला. कारकून म्हणाला, "आजी, अक्षर सुधारा." म्हटलं, "डॉक्टरांचं सुधारलं की माझं सुधारते."

अर्ज पडून आहे. मी पडून नाही. दर सोमवारी साहेबांच्या दवाखान्यासमोरच्या औषधाच्या दुकानापाशी जाऊन बसते. मला इंग्रजी येत नाही, पण त्या कॅप्सूलच्या नावाची अक्षरं ओळखते. बाहेर येणाऱ्या बाईची चिठ्ठी मागून बघते. ते नाव दिसलं की तिथंच सांगते, मोठ्यानं, पायरीवरच्या लोकांना ऐकू जाईल असं, मला काय झालं ते. दोघी-तिघींनी दुसरा डॉक्टर धरला.

साहेबांचा मुलगा गाडीतून उतरून आला. कंपनीचं ओळखपत्र गळ्यात. "आजी, मिटवा ना आता. बाबांचं वय झालंय."

"झालंय ना? मग त्यांना म्हणावं, एक वाढवा."

त्याला कळलं नाही. त्याच्या बापाला कळेल.

मला माफी नको. त्यांनी कंपाउंडरच्या हाती पाठवली होती, परत पाठवली. मला त्या दारावरची पाटी उतरलेली बघायची आहे. ती उतरेपर्यंत सोमवार चुकणार नाही. त्यांनी दवाखाना हलवला तर पत्ता काढीन.

हे सगळं माझ्या अंगावरून गेलं. अर्जाखाली लिहिलं तेच इथं: वय बहात्तर, शिक्षण चौथी, काम पोळ्या लाटणं. मी.