म्हातारपणी पुन्हा गायलेलं गाणं

बायांनो, आज दुपारी मी मटार सोलत बसले होते. नात स्वातीनं मोबाइलवर एका अमेरिकन गायकाचा अल्बम लावला. स्वतःच गाणी लिहून गिटारवर गातो म्हणे. त्याची जुनी-नवी निवडक गाणी होती. मला एक शब्द कळला नाही.

एक गाणं दोनदा होतं. आधी तरुणपणचं, मग म्हातारपणचं, आवाज पार फाटलेला.

"आजी, कौनसा अच्छा लगा?"

"दुसरं. पहिल्यात पोरगा नुसता गळा दाखवून राहिला."

"अच्छा! मग माझ्या बाळाच्या बारशाला पाळणा म्हणायला काहून नाही म्हणते? आवाज फाटला म्हणून ना?"

कार्टीनं बरोबर पकडलं मला.

चला, रविवारी बारशाला म्हणते पाळणा. ज्यांना हसायचं असेल त्यांनी घरूनच हसून यावं. मागून सूर धरायला कोण कोण येता?